खुर्चीत बसल्या बसल्या ‘गाडी लागते’ तेव्हा

रिसोड बसस्थानकात वाशीमची किंवा मेहकरची एसटी लागली की काही प्रवासी खिडकीचीच जागा धरतात. पिशवीत लिंबू असते, एखादी रिकामी पिशवीही असते. कारण विचारावे लागत नाही. त्यांना गाडी लागते. हीच मंडळी कधी थिएटरात मारधाडीचा चित्रपट पाहायला बसतात. खुर्ची हलत नाही, डिझेलचा वास नाही. तरीही पाठलाग सुरू झाला की थोड्या वेळात डोके जड होते, तोंडात लाळ जमते, घाम फुटतो, मळमळू लागते. सोबतचे म्हणतात, ‘रक्त पाहून घाबरला.’ खरे तर इथेही गाडीच लागलेली असते, फक्त ती पडद्यावरची.

मारामारी अंगावर यावी म्हणून अनेक दिग्दर्शक कॅमेरा स्टँडवर न लावता हातात धरून चित्रीकरण करतात. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) पाहताना अनेकांना मळमळले. ‘द बोर्न अल्टिमेटम’मधील (२००७) हलत्या दृश्यांबद्दलही प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. ‘क्लोव्हरफील्ड’च्या (२००८) वेळी तर अमेरिकेतील काही थिएटरांनी तसा इशाराच लावला. आपल्याकडे मुंबई पोलिसांवरील रामगोपाल वर्मांच्या ‘डिपार्टमेंट’मधील (२०१२) भिरभिरत्या कॅमेऱ्यावर समीक्षकांनी टीका केली होती.

हे का होते? आपल्या दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे वळले ते ओळखतात, तर दोन छोट्या पिशव्या सरळ रेषेतील हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपतात. एसटीत मोबाइल पाहत बसलो, तर कान सांगतो ‘हलतोय’ आणि डोळा सांगतो ‘स्थिर आहे’. थिएटरात नेमके उलटे होते. डोळा म्हणतो ‘पळतोय’, कान म्हणतो ‘बसलाय’. या विसंगत निरोपांमुळे मळमळ होते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कानातील हे इंद्रिय दोन्ही बाजूंनी पूर्ण निकामी झालेल्यांना गाडी लागत नाही, हा त्याचा मोठा पुरावा.

‘हलता कॅमेरा म्हणजे माणसाची खरी नजर,’ असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. धावत जाऊन एसटी पकडताना आपले डोके जोरात हलते, पण समोरची एसटी हलताना दिसत नाही. डोके वळताच कानाचा संदेश सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि डोळे तेवढेच उलट दिशेला फिरतात. कॅमेऱ्याला असा कान नसतो. त्याचे हेलकावे जसेच्या तसे पडद्यावर येतात आणि प्रेक्षकाचा कान तिथे काहीच करू शकत नाही. गॅरेट ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात बनवलेले ‘स्टेडीकॅम’ हे उपकरण चालत्या कॅमेऱ्याचे धक्के शोषून घेते. पण काही दिग्दर्शकांना धक्केच हवे असतात.

अर्धशिशी असलेल्यांना आणि प्रवासात गाडी लागणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. पडदा नजरेचा जितका भाग व्यापतो, तितका तो वाढतो. म्हणून मागच्या रांगेत, मधोमध बसावे. मळमळ सुरू होताच पडद्यावरून नजर काढून दाराच्या दिव्यासारख्या स्थिर वस्तूकडे पाहावे, डोळे मिटावेत किंवा सरळ बाहेर मोकळ्या हवेत जावे. ‘पैसे दिलेत’ म्हणून बसून राहू नये. घरी टीव्हीपासून लांब बसावे, खोलीत दिवा चालू ठेवावा. एसटीत मोबाइलवर असे चित्रपट पाहणे तर दुहेरी त्रासाचे. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. काही गोळ्यांनी झोप येते. गोळी घेतली असेल किंवा चक्कर थांबली नसेल, तर परतताना मोटारसायकल दुसऱ्याच्या हाती द्यावी.

पडद्यामुळे झालेला त्रास बहुतेकदा थोड्या वेळात ओसरतो. मात्र पडद्यासमोर नसतानाही वारंवार चक्कर येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर तपासून घ्यावे. चक्करेसोबत बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एका बाजूची ताकद गेली किंवा अचानक असह्य डोकेदुखी सुरू झाली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

एरवी चित्रपट अर्धवट सोडून बाहेर आलेल्या माणसाला भित्रा म्हणू नका. त्याचा कान आपले काम चोख करत असतो.