एसीचा गॅस दरवर्षी संपतो? ट्रॅक्टर, हार्वेस्टर, कारच्या व्हॉल्व्हची पिन तपासा

एप्रिल-मेमध्ये अवसरी बुद्रुक, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात एकाच वेळी बरीच यंत्रे रानात असतात. कांदा निघालेल्या रानात रोटाव्हेटर फिरतो, उशिरापर्यंत राहिलेल्या उसात हार्वेस्टर चालतो, मंचरच्या बाजारात माल उतरवून पिकअप भर उन्हात परत येतात. यातल्या अनेक यंत्रांना आता एसी केबिन असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या मालट्रकना तर एसी केबिन सक्तीची झाली आहे. घरची कार वेगळीच. आणि याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: मागच्या वर्षीच गॅस भरला होता, परत गार हवा बंद.

गॅस हा डिझेलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. एसीत तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षे थोडासा झिरपतो, तेवढे चालते. पण एका हंगामात गार हवा बंद होण्याइतका गॅस गेला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या टाकीत मोटार चालू ठेवणे. गळतीच्या जागा अनेक असतात, पण सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत कमी तपासली जाणारी जागा म्हणजे गॅस भरायच्या तोंडातली पिन.

पिन म्हणजे काय

ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरताना जी बारीक पिन आपण दाबतो, तीच रचना येथे आहे. पितळी किंवा स्टीलची नळी, आत स्प्रिंग, मध्ये दांडी आणि दांडीच्या खालच्या टोकाला रबरी सील. श्रेडर नावाच्या अमेरिकी कारखानदाराने ही रचना १८९० च्या दशकात टायरसाठी आणली, पुढे ती एसी आणि शीतयंत्रांतही आली. दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरच्या गॅस लाइनवरही बहुधा हीच पिन सापडेल.

एसीला अशी दोन तोंडे असतात. जाड, गार लागणाऱ्या पाइपवरचे कमी दाबाचे आणि बारीक, गरम लागणाऱ्या पाइपवरचे जास्त दाबाचे. आर-१३४ए गॅसच्या गाड्यांत कमी दाबाचे तोंड १३ मिलिमीटरचे आणि जास्त दाबाचे १६ मिलिमीटरचे असते, म्हणजे गेजची जोडणी उलटसुलट बसत नाही. गॅस भरताना जोडणी पिन दाबते, काढली की स्प्रिंग ती परत वर ढकलते. सील नीट बसले तर ठीक. त्यावर धुळीचा एक कण अडकला किंवा इंजिनच्या उष्णतेने रबर कडक झाले, की गळती सुरू.

म्हणूनच दरवर्षी गॅस भरणाऱ्या गाडीची पिन जास्त लवकर खराब होते. प्रत्येक वेळी गेज लावले जाते, पिन दाबली जाते, आणि तोंड पुसलेले नसेल तर धूळ आत ढकलली जाते. त्यात वरची टोपी हरवलेली असते. अनेकांना वाटते टोपी फक्त धुळीसाठी आहे. तसे नाही. टोपीच्या आत रबरी रिंग असते आणि ती गॅस अडवणारे दुसरे सील आहे. उसाच्या फडात आणि रोटाव्हेटरच्या धुरळ्यात टोपीशिवाय चालणाऱ्या यंत्राची पिन टिकेल अशी अपेक्षा करू नये.

दुर्लक्ष केल्यास काय होते

गारवा कमी होणे हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान कॉम्प्रेसरचे. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेल परत येणे कमी होते आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. बहुतेक गाड्यांत दाब फारच उतरला की स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. त्याआधी क्लच दर काही सेकंदांनी टक-टक लागतो आणि सुटतो. हा आवाज ऐकू आला की एसीचे बटण बंद ठेवावे. काही मेकॅनिक तात्पुरता उपाय म्हणून तो स्विच थेट जोडून देतात. असे कधीही करू देऊ नका. कॉम्प्रेसर जाम झाला तर धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो आणि खर्च काही हजारांचा राहत नाही.

दुसरा मुद्दा फवारणीचा आहे. एसी बंद पडलेल्या काचेच्या केबिनमध्ये मे महिन्यात कोणीही दार लावून बसू शकत नाही. चालक दार उघडतो आणि औषधाचा फवारा थेट त्याच्या अंगावर, श्वासात येतो. (एसी चालू असला तरी साध्या फिल्टरची केबिन कीटकनाशकाची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बन फिल्टर लागतो. मास्क आणि हातमोजे दोन्ही परिस्थितींत हवेतच.)

पिनच गळते आहे हे कसे ओळखाल

आधी साध्या गोष्टी बघा. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरमध्ये गारवा कमी होण्याचे कारण बऱ्याचदा गॅस नसतोच. कंडेन्सरच्या जाळीत पाचटाचा भुसा आणि माती भरलेली असते. हवेने किंवा कमी दाबाच्या पाण्याने जाळी साफ करा, केबिनचा फिल्टर झाडा, पट्टा ढिला आहे का ते पाहा. त्यानंतर पिनकडे या.

पिनची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन आणि एसी पूर्ण बंद करून यंत्र सावलीत अर्धा तास उभे करा. चालू असताना कमी दाबाच्या बाजूला साधारण २५ ते ४५ पीएसआय दाब असतो. बंद केल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि ३० अंश तापमानाला तो ९५ पीएसआयच्या पुढे जातो. म्हणून कमी दाबाच्या तोंडाची गळती बंद अवस्थेत जास्त स्पष्ट दिसते. टोपी काढा. तोंडाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग असेल तर तीच पहिली खूण. मग साबणाच्या पाण्याचे तीन-चार थेंब तोंडात टाका आणि पाच मिनिटे लक्ष ठेवा. बुडबुडा हळूहळू फुगत असेल तर पिन गळते आहे. दोन्ही तोंडे तपासा. पिन बोटाने किंवा खिळ्याने दाबून "गॅस आहे का" हे मात्र बघू नका. आर-१३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. त्वचेवर किंवा डोळ्यात उडाला तर गोठून जखम होते.

बुडबुडा आला नाही तर पिन निर्दोष असे लगेच समजू नये. फार बारीक गळती साबणाला दाखवता येत नाही, तिला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा रंगद्रव्य लागते. गेजवरचा बंद अवस्थेतील दाबही फसवतो. नळ्यांमध्ये थोडासा द्रव गॅस शिल्लक असला तरी दाब पुरेसा दिसतो, किती ग्रॅम उरला ते त्यावरून कळत नाही.

बदलताना मेकॅनिककडे काय पाहावे

पिन बदलणे दोन मिनिटांचे काम आहे. अडचण पिनमागच्या दाबाची आहे. भरलेल्या एसीची पिन साध्या पान्याने उलटी फिरवली, तर ती गोळीसारखी बाहेर येते आणि मागोमाग गॅस व तेल. हे काम घरी करू नये.

योग्य पद्धती दोन आहेत. पहिलीत रिकव्हरी मशिनने सगळा गॅस काढून सिलिंडरमध्ये घेतात, मग पिन बदलतात. दुसरीत बॉल व्हॉल्व्ह असलेले खास हत्यार तोंडावर बसवतात, त्यातून पिन मागे ओढतात, व्हॉल्व्ह बंद करून नवी पिन लावतात आणि आत ढकलतात. गॅस फारसा जात नाही. परवा भरलेला गॅस आणि आज सापडलेली गळती असेल तर दुसरी पद्धत उत्तम. पण गळती महिनोन् महिने चालू असेल तर आत किती गॅस आहे हे कोणालाच माहीत नसते. अशा वेळी पहिलीच पद्धत धरावी.

पिन कोणती घालतात हे डोळ्यांनी पाहा. टायरची पिन काही जुन्या तोंडांत आट्यांना बसतेही, पण तिचे रबर या गॅसला आणि एसीच्या तेलाला टिकत नाही. एसीच्या पिनांतही दोन-तीन मापे आहेत, जास्त दाबाच्या तोंडाची पिन अनेक गाड्यांत जाड असते. त्यामुळे जुनी पिन हातात घेऊन तशीच नवी घ्यावी. नव्या सीलला कॉम्प्रेसरच्या तेलाचा बारीक थर लावावा. घट्ट करताना दोन बोटांचा जोर पुरे. पिळून बसवली तर सील कापले जाते. दोन्ही तोंडांच्या पिना आणि टोप्या एकदमच बदलाव्यात. गॅसच्या खर्चापुढे पिनांची किंमत नगण्य आहे.

त्यानंतरची पायरी वगळली जाते, म्हणून तेथे उभे राहा. प्रणाली उघडली असेल तर किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढला पाहिजे. आपला भाग समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंच असल्याने गेजचा काटा ३० इंचांपर्यंत जाणार नाही, २८ च्या आसपास थांबतो. ते बरोबर आहे. पंप बंद केल्यावर १५ मिनिटांत काटा मागे आला तर आणखी कुठेतरी गळती आहे आणि गॅस भरू नये. दाब देऊन तपासायचे असेल तर कोरडा नायट्रोजन वापरतात. ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी जोडत असेल तर काम तेथेच थांबवा, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. पावसाळ्यात यंत्र कित्येक आठवडे रिकाम्या गॅसने उभे राहिले असेल, तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलून घ्यावा.

गॅस वजनावर भरावा. बॉनेटखाली किंवा केबिनच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान कारला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लागतो, मोठ्या केबिनला जास्त. "थंड लागेपर्यंत" भरलेला गॅस जास्त झाला तर दाब वाढून कॉम्प्रेसरवरच ताण येतो. स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस एसीत भरण्याचा प्रकार कुठे दिसला तर त्या गॅरेजमधून गाडी परत आणा. गळती केबिनमध्ये झाली तर एका ठिणगीत आग लागते.

हवेत सोडलेला गॅस

पिन बदलायला गॅस रिकामा करावा लागतो, म्हणून तो फुस्सकन हवेत सोडून देण्याची पद्धत सर्रास आहे. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. अर्धा किलो सोडला, तर सुमारे २६५ लिटर डिझेल जाळल्याइतके झाले. अवकाळी आणि उष्णतेच्या लाटांचा फटका सर्वांत आधी आपल्याच पिकाला बसतो. असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. तसाही काढून घेतलेला गॅस स्वच्छ करून परत वापरता येतो, म्हणजे ते तुमचेच पैसे आहेत. रिकव्हरी मशिन आहे का, हा प्रश्न गाडी लावण्याआधी फोनवरच विचारावा.

अवजारे बँक किंवा भाडेतत्त्वावर यंत्रे देणाऱ्या गटांनी, तसेच त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी प्रत्येक यंत्राच्या वहीत तीन नोंदी ठेवाव्यात: किती ग्रॅम गॅस निघाला, किती भरला आणि पिना कधी बदलल्या. निघालेला आणि स्टिकरवरचा आकडा यांतील फरक म्हणजे गळती, मग पुढच्या वर्षी अंदाज बांधावा लागत नाही. पावसाळ्यात आणि थंडीतही महिन्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, त्याने तेल फिरून सील ओले राहतात. आणि रानात निघण्यापूर्वी डिझेल-पाणी पाहताना दोन्ही टोप्या जागेवर आहेत का, तेही पाहून घ्यावे.