पायाच्या खड्ड्यातील इतिहास

नवी मुंबईला इतिहास नाही, असे आमचे विद्यार्थी सहज बोलून जातात. सिडकोची स्थापना १९७० ची. त्यापूर्वी येथे भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती, एवढेच त्यांना ठाऊक असते. परंतु शिळफाट्यावरून जो रस्ता कल्याणला जातो, तो एका प्राचीन बंदराकडे जातो. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने नोंदवून ठेवले आहे की, 'कॅलियाना' बंदरातून तांबे, लाकूड व कापड परदेशी जाते आणि तेथे इराणातून नेमलेला एक बिशप असतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याचे नवल वाटत नाही. जेथे पेठ, तेथे परदेशी वखारी. आणि जेथे परदेशी वस्ती, तेथे तिचा धर्मगुरू.

त्या बिशपचे निवासस्थान कोठे होते? त्याची एकही निर्विवाद खूण आजवर हाती लागलेली नाही. कॅलियाना म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक विद्वान मानतात. काही मात्र दक्षिणेकडील स्थळ सुचवितात. हा वाद ग्रंथालयात मिटणारा नाही. तो मिटलाच तर जमिनीखालच्या पुराव्यानेच मिटेल.

असा पुरावा सापडतो, हा केवळ आशावाद नव्हे. सोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत, तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना बौद्ध स्तूप मिळाला. मद्रासजवळील सेंट थॉमस माउंटवर पहलवी लेख असलेला क्रूस १५४७ मध्ये मिळाला, तो चर्चचा पाया खणताना! संजाणच्या उत्खननात इराणी आखाताकडील निळसर-हिरव्या झिलईची खापरे निघाली. उद्या कल्याणच्या एखाद्या खड्ड्यात तशीच खापरे निघाली, तर ती ओळखणार कोण?

आज नवी मुंबईपासून कल्याणपर्यंत दररोज पाये खणले जात आहेत. विमानतळासाठी उलव्याची अख्खी टेकडी सपाट झाली. कायदा राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित ठरवितो. पण जे अद्याप सापडलेच नाही, त्याला स्मारक कोण ठरविणार? इंग्लंडने १९९० पासून बांधकाम परवानगीच्या वेळीच पुरातत्त्वीय तपासणीचा विचार आणि तिचा खर्च विकासकावर टाकण्याची पद्धत रूढ केली. आपल्याकडेही जुन्या बंदरांच्या परिसरात मोठ्या बांधकामापूर्वी जाणकाराने आठ दिवस खड्डा पाहावा, एवढी अट घालणे अशक्य नाही. कोट्यवधींच्या इमारतीच्या हिशेबात हा खर्च नगण्य आहे.

इमारत पाडून पुन्हा बांधता येते. परंतु डंपरमध्ये भरून खाडीत लोटलेला पुरावा कोणत्याही किमतीला परत विकत घेता येत नाही. बिशपचे घर सापडेल की नाही, हा दैवाचा भाग असेल. ते न शोधताच गाडून टाकायचे की काय, हा मात्र सर्वस्वी आपल्या निर्णयाचा प्रश्न आहे.