'नॉर्मल' कोणाचे?

"नशिबात होते, रक्त थांबलेच नाही." बाळंतपणात दगावलेल्या लेकीचे कागद घेऊन येणारे नातेवाईक आमच्यापुढे बहुधा असेच बोलतात. बुद्धाने कार्यकारणभाव शिकवलेल्या समाजाने नशिबाला कारण मानावे काय?

दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहते. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. पिशवी आकसून त्यांना दाबते आणि गोठलेले रक्त त्यांची तोंडे बंद करते. त्यासाठी शरीर महिनोन्‌महिने तयारी करते. गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन तपासणीत एरवी २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. शेवटच्या महिन्यांत ते बहुधा ४०० ते ६०० पर्यंत चढते. याच तयारीमुळे बाळंतपणानंतर सहा आठवडे पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका राहतो. एकच पाय सुजला किंवा एकाएकी धाप लागली, तर दुखणे अंगावर काढू नये.

पण वार अगोदरच सुटली, रक्तदाब वाढून झटके आले किंवा रक्तस्राव फार झाला, तर गोठवणारे घटकच संपू लागतात. मग सुई टोचल्या जागेतूनही रक्त झिरपते. अशा वेळी रिपोर्टमध्ये २०० आकडा आला, तर छापील मोजमापाप्रमाणे तो 'नॉर्मल' ठरतो. रक्त जाणाऱ्या बाळंतिणीसाठी मात्र तीच धोक्याची घंटा असते! असमान स्थितीला एकच माप लावले की अन्याय होतो, हे आमच्या समाजाला वेगळे सांगायला नको.

प्रयोगशाळा नाही ही सबबही पुरेशी नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती मुठीत उबदार धरावी. सात मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही, तर रक्त गोठण्यात बिघाड आहे असे समजावे. मग रक्त, प्लाझ्मा आणि मोठे रुग्णालय यांची धावपळ तत्काळ व्हायला हवी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. ज्यांच्या अंगात रक्तच कमी, त्यांना उशीर कसा परवडणार? तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात बजावले. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, रक्त आणि वाहन मोफत केले. ही भीक नव्हे, हक्क आहे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू मांडली. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या जयंतीला आम्ही रक्तदान शिबिरे भरवतो. ते रक्त आमच्या बाळंतिणीपर्यंत वेळेत पोहोचते काय, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक विहारातील महिला मंडळाने वस्तीतील गर्भवतींची यादी करावी. जवळची रक्तपेढी, वाहन आणि सोबत जाणारा कार्यकर्ता आठव्या महिन्यातच ठरवावा. केसपेपरची प्रत मागून घ्यावी.

आमच्याकडे कागद माणूस गेल्यावर येतात. ते त्याआधी वाचले जावेत, एवढीच आमची विनंती. जय भीम!