‘नुसती बीअरच तर घेतली!’

‘दारू नाही हो, नुसती बीअर घेतली,’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलेलं असेल, तर मात्र ते हिशेबात टिकत नाही.

अशा बीअरच्या घोटात आधी माल्टचा गोडवा लागतो, मग हॉप्सचा कडवटपणा आणि शेवटी घशात ऊब जाणवते. ही ऊब येते कुठून? मिरची झोंबते ती ‘टीआरपीव्ही-१’ या संवेदकामुळे. एरवी तो साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा खाली येते आणि शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला गरम वाटू लागतं. थोडक्यात, घसा आपल्याला अल्कोहोलची सूचना देत असतो.

ती सूचना आपणच दडपतो. पेय थंडगार असलं की चव, वास आणि ही ऊब, सारंच मंदावतं. बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाची ‘ट्रिपल’ ही ९.५ टक्के अल्कोहोलची बीअर साधारणपणे ३३० मिलिलिटरच्या बाटलीत मिळते आणि चषकातून, फार थंड न करता, सावकाश प्यायली जाते. आपल्याकडे ८ टक्क्यांपर्यंतची बीअर ६५० मिलिलिटरच्या बाटलीतून, बर्फासारखी गार करून भराभर रिचवली जाते.

आता हिशेब पाहू. ६५० मिलिलिटरचे ८ टक्के म्हणजे ५२ मिलिलिटर, वजनात सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे एक बाटली जवळपास चार पेगांच्या बरोबरीची!

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करतं. त्यामुळे एका बाटलीला चार ते सहा तास लागतात. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. एक बाटली भरभर प्यायल्यास ती सहज ओलांडली जाते.

अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तरीही घेणार असाल, तर आधी लेबल वाचा. मिलिलिटरला टक्क्यांनी गुणा, १२५ नं भागा. आलेला आकडा म्हणजे अल्कोहोलचे ग्रॅम. मग ‘नुसती’ म्हणायचं का, ते ठरवा.