सिंथेसायझर घेण्यापूर्वी

तंबाखूचा पैसा हाती आला की निपाणीकडील एखादा पालक मुलासाठी वाद्य घ्यावयाचे ठरवितो आणि विचारतो, "सर, किती आवाजांचा सिंथेसायझर घेऊ?" प्रश्न नेमका उलट बाजूने विचारलेला असतो. शेकडो तयार आवाज ज्यात भरलेले असतात तो साधा कीबोर्ड. आवाज आपणांस घडवू देतो तो सिंथेसायझर. दुकानात दोन्ही शेजारी मांडलेले असतात आणि दिसतातही सारखेच.

त्याची घडण पाहा. आंदोलक मूळ स्वर उत्पन्न करतो; पण त्यात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या उपस्वरांची अशी गर्दी असते की तो कानाला बोचतो. गाळणी त्यांतील वरचे उपस्वर हवे तेवढे कापून टाकते. तिसरा भाग ठरवितो की आवाज सतारीसारखा एकदम उठून विरावा, की बासरीसारखा फुंकरीबरोबर भरत यावा. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली अशी यंत्रे बनविली. १९७० चा त्यांचा मिनिमूग अवघ्या ४४ पट्ट्यांचा होता आणि एका वेळी एकच स्वर वाजवी.

आता आपल्या बेळगावकरांचा कान पेटीवर पोसलेला. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांची पेटी ज्या गावाने ऐकली त्याला पेटीचा महिमा सांगावयास नको. तरीही पेटीत मींड नाही. शिवाय सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. अशाच आक्षेपांवरून नभोवाणीने १९४० साली पेटी बंद केली होती. ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडले.

सिंथेसायझरवर डाव्या हाताशी स्वर वाकविणारे चाक असते. काही यंत्रांत बाराही स्वर वेगवेगळे लावता येतात. ही सोय काय करू शकते ते चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत दाखविले. चित्रपटसंगीतातील या वादकाने रोलँड कंपनीच्या तीन जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर युरोपातील रसिक चकित झाले. त्यांतील टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेले. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची त्याची सोय रागाला उपयोगी पडली!

म्हणून दुकानात तयार आवाजांची बटणे दाबीत बसू नये. एकच साधा आवाज लावावा, गाळणीचा खुंटा सावकाश फिरवावा, षड्जावरून ऋषभावर चाकाने जाऊन पाहावे. खुंटे हाताशी नसून पडद्यावरील यादीत दडलेले असतील, तर शिकणाऱ्याने ते यंत्र टाळलेले बरे. एका वेळी किती स्वर वाजतात आणि मिडीची जोडणी आहे का, हेही विचारावे. १९८३ पासून निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे तिच्यामुळे एकमेकांशी बोलतात. पुष्कळ सिंथेसायझरांना स्वतःचा स्पीकर नसतो. तो खर्च आधीच धरावा. मुलगा रात्री वाजविणार असेल तर मात्र प्रथम हेडफोन घ्यावा.