वाकटीच्या पोटात, डॉल्फिनच्या वाटेवर

दरवर्षीचंच आहे हे. १ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठते, होड्या दर्यात जातात, श्रावण आणि गणपती उरकले की पाट्यांभोवती झुंबड उडते. त्याच सुमारास माशाच्या पोटात वळवळणाऱ्या अळीचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडतो. मासा कुठला, बाजार कोणता, काही पत्ता नसतो. बोलणी मात्र नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळणीने खायची.

तिचा यात काडीचा दोष नाही. ताज्या वाकटीचं पोट फाडलं की कधीकधी आतड्यांवर आणि यकृतावर पांढुरक्या, दोन-तीन सेंटिमीटरच्या, घड्याळातल्या स्प्रिंगसारख्या गुंडाळी करून बसलेल्या अळ्या दिसतात. नाव अनिसाकिस. सडक्या मासळीवर माशी बसून पडणारे किडे वेगळे. अनिसाकिस जिवंत माशातच असते आणि तिथे ती मुक्कामापुरती आलेली असते. सागरी सस्तन प्राण्यांच्या विष्ठेतून समुद्रात पडलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात, त्या कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक जिवांच्या पोटात जातात, तिथून माशात किंवा माकुळात. तो मासा एखाद्या सागरी सस्तन प्राण्याने गिळला, तरच त्याच्या जठरात अळी वयात येते आणि अंडी घालते.

उत्तर अटलांटिकमध्ये अशा अळ्यांचे यजमान देवमासे आणि सील असतात. तिथल्या कॉड माशात अनिसाकिसची चुलत बहीण, सीलच्या पोटात वाढणारी स्यूडोटेरानोव्हा सापडते. कारखान्यांत कॉडच्या तुकड्या उजेडाच्या टेबलावर ठेवून एकेक अळी हाताने काढतात, आणि कोळी सीलच्या नावाने बोटं मोडतात. अरबी समुद्रात सील नाहीत. इथे ती जागा डॉल्फिनची. उष्ण समुद्रातली अनिसाकिस टिपिका ही जात प्रामुख्याने डॉल्फिनच्याच पोटात वाढते आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माशांतही ती आढळली आहे. मुंबईच्या किनाऱ्याला कुबड असलेले डॉल्फिन येतात, पाठीवर पर नसलेली पॉरपॉइजही दिसतात. वाकटीतल्या अळीची वाट अशा कुणाच्या तरी पोटाकडे जाते.

या वाटेवरचा खरा चक्रावून टाकणारा आकडा वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चेल्सी वूड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला. जगभरचे जुने-नवे अभ्यास एकत्र करून त्यांनी हिशेब केला, तेव्हा १९७८ ते २०१५ या काळात दर माशामागे अनिसाकिसचं प्रमाण २८३ पटींनी वाढल्याचं दिसलं. कारणं अनेक असू शकतात, पण एक शक्यता गमतीची आहे: शिकारीवर बंदी आल्यावर देवमासे आणि सील पुन्हा वाढले, म्हणून त्यांच्या पोटातले भाडेकरूही वाढले. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा, आपला वन्यजीव कायदाही १९७२ चाच. अळी दिसली की दर्या नासला म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. यजमानच उरले नाहीत, तर अळीही उरणार नाही.

माणूस या वाटेवर चुकून सापडतो. नेदरलँड्समध्ये कमी मिठातला कच्चा हेरिंग खाऊन पोटदुखीने तळमळणाऱ्या रुग्णांमध्ये ही अळी असल्याचं फान थील यांनी १९६० मध्ये दाखवलं. १९६८ पासून तिथे हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं. जठरात घुसू पाहणारी अळी दुर्बिणीने चिमटीत धरून काढली की बहुतेकदा दुखणं थांबतं.

आगरी-कोळी कालवणाला याची भीती नाही. मासा आतपर्यंत ६० अंशांना मिनिटभर शिजला की अळी मरते. प्रश्न आहे तो वाशी-नेरूळच्या नव्या हॉटेलांतल्या कच्च्या माशाचा. गंमत अशी, की सुशीतला नॉर्वेचा सामन बंदिस्त पिंजऱ्यात, कोरड्या खाद्यावर वाढलेला असल्याने जवळपास निर्धोक. ‘आजच आलेली, लिंबात मुरवलेली सुरमई’ म्हणून शेफ मिरवत असेल, तर मात्र दोनदा विचार करावा. लिंबू किंवा व्हिनेगरने अळी मरत नाही. कच्चा खायचा मासा आधी गोठवावा लागतो: उणे २० अंशांवर युरोपचा नियम २४ तासांचा, अमेरिकेचा सात दिवसांचा. घरच्या फ्रीजचा कप्पा तेवढा गार होईलच असं नाही.

एक बारीक अडचण शिजवूनही सुटत नाही. मेलेल्या अळीतली काही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत आणि संवेदनशील माणसाच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठवू शकतात. स्पेन आणि जपानमध्ये डॉक्टर अशा वेळी अनिसाकिसची ॲलर्जीही तपासतात. आपल्याकडे ‘मासा बाधला’ म्हणून आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाटीसमोर उभे राहतात.