खोकायचं कसं, हे दाखवावं लागतं

क्षयाच्या तपासणीसाठी डबी हातात देऊन ‘बेडका आणा’ म्हटलं, की बरेच जण नुसती लाळ आणतात. लाळेत जंतू सहसा सापडत नाहीत. अहवाल निगेटिव्ह येतो आणि माणूस खोकत खोकत परततो. बेडका छातीतून यावा लागतो. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा, मग जोर लावून खोकायचं. रावळपिंडीत क्षयाचा संशय असलेल्या बायकांना एवढंच नीट समजावलं, तेव्हा शंभरात 13 जणींच्या बेडक्यात जंतू सापडले. न समजावलेल्यांत 8. हा अभ्यास 2007 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे टांझानियात दार-ए-सलाममध्ये हीच कृती व्हिडिओवर दाखवली, तिथेही जास्त रुग्ण सापडले.

तुरुंगाला अशा व्हिडिओची गरज सर्वांत जास्त आहे. जगभरात कैद्यांमध्ये क्षयाचं प्रमाण बाहेरच्यांच्या सुमारे 10 पट आढळतं. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणच्या माणसाला न्यायालयीन कोठडी झाली, की बहुधा नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह. तिथल्या भिंतीवरचं पोस्टर वाचायला अक्षरओळख लागते, व्हिडिओला लागत नाही. पण तो कोकणा किंवा अहिराणीतून बोलायला हवा, आणि पडद्यावर पांढऱ्या कोटातला डॉक्टर नको, कैद्यांसारखाच माणूस हवा.

याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1968 मध्ये कुत्र्यांना घाबरणाऱ्या मुलांना फिल्म दाखवल्या. एकाच धीट मुलाला पाहणाऱ्यांपेक्षा, अनेक मुलांना वेगवेगळ्या कुत्र्यांशी खेळताना पाहणाऱ्यांची भीती जास्त गेली. ‘त्याला जमलं, मलाही जमेल’ हा विश्वास आपल्यासारख्यांकडे पाहून येतो. म्हणून बरे झालेले बंदीच, त्यांची संमती घेऊन, डबी हातात धरून दिसावेत.

कोंदट बराकीची खिडकी मात्र व्हिडिओ उघडू शकत नाही. गर्दी कमी करणं हे प्रशासनाचंच काम, ते कैद्याच्या सवयींवर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट बनवणाऱ्यांच्या लक्षात हवी. देशातल्या तुरुंगांत 2022 अखेर शंभरात सुमारे 76 जण कच्चे कैदी होते. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. खोकला काही आठवड्यांतच ओसरतो, मध्येच जामीन होतो आणि गोळ्या सुटतात. तेव्हा सुटकेचा दिवसही व्हिडिओत दाखवावा: गेटबाहेर पडण्याआधी निक्षय क्रमांक (सरकारी क्षयनोंदणीतला आपला क्रमांक) आणि उरलेल्या गोळ्या मागून घ्यायच्या, आणि गावी पोहोचल्यावर अभोण्याच्या ग्रामीण किंवा कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात तो क्रमांक सांगून पुढचा डोस चालू करायचा.